खुणेचे गाव आणि पाटीचे गाव

तुम्ही आता वाचायला लागला आहात. अक्षराला अक्षर जोडून शब्द लागला, की किती आनंद होतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. आज आम्ही तुम्हांला आमच्याच घरची गोष्ट सांगणार आहोत. गाव सोडून शहरात राहायला गेल्याची ही गोष्ट आहे. तीत आमची एक मोठी चूक आहे. ती सांगायला लाज वाटते. पण मास्तरने दुसऱ्याच्या चुका तांबड्या शाईने दाखवायच्या आणि आपली तेवढी झाकायची, हे बरे नव्हे.

दोन शहरे

आपल्या वऱ्हाडात अमरावती आणि अकोला ही दोन मोठी शहरे. सडकेने गेले तर दोहोंमध्ये सुमारे १०० किलोमीटरचे अंतर. दोन्ही शहरे कापसावर वाढली. इंग्रजांच्या अमदानीत मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून पुढे १८६७ साली नागपूरला पोचली. वऱ्हाडचा कापूस गाडीत बसून मुंबईला जाऊ लागला. सरकी काढायचे आणि गाठी बांधायचे कारखाने निघाले. कारखान्यामागे बाजार आला. बाजारामागे कचेऱ्या, दवाखाने आणि शाळा आल्या. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. १९६९ साली अकोल्याला कृषी विद्यापीठ झाले. त्याला आज त्यांचेच नाव आहे.

खेड्यातली माणसे या शहरांत तेव्हापासून जात आहेत. कोणी मजुरीला जातो, कोणी नोकरीला. कोणी पोरांच्या शाळेसाठी जातो. आणि आमच्यासारखे काही म्हातारपणी मुलामागे जातात.

बिऱ्हाड हलले

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचे पाणी खारट, पण माणसे गोड. जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही मास्तर होतो. पुढे हेडमास्तर झालो. २०१८ साली पेन्शनीत निघालो. मुलगा अकोल्याला नोकरीला. सूनबाईही नोकरी करते. त्यांची मुलगी तीन वर्षांची झाली. तिला सांभाळायला घरात कोणी नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही अन् आई इकडेच या."

आम्ही लगेच हो म्हटले. शेत मक्त्याने दिले. पण पोराची माय काही बोलेना. दोन दिवसांनी म्हणाली, "मी येतो बाप्पा. नातीसाठी येतो. पण मले तिथली वाट मालूम नाई."

आम्ही हसलो. म्हटले, "अमरावती तुला पाठ आहे. अकोला काय वेगळे असणार?"

अमरावती तिला खरेच पाठ होती. दरवर्षी नवरात्रात ती अंबादेवीला जाई. गाडगेबाबांच्या समाधीवर डोके टेकवी. एकटीही जाऊन येई. तिला अक्षरओळख नव्हती. लहानपणी धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन ती कापूस वेचायला जाई. शाळेचा उंबरा तिने ओलांडलाच नाही. तरी अमरावतीत ती कधी चुकली नाही. कारण तिच्या खुणा पक्क्या होत्या. इथे जुना परकोट, तिथे मोठा दरवाजा. इथे लिंबाचे झाड, तिथे बांगड्यांचे दुकान. माय तिला बोट धरून नेई, तेव्हापासूनच्या त्या खुणा होत्या. पन्नास वर्षांच्या खुणा म्हणजे एक प्रकारचे वाचनच होते. पण हे आम्हांला तेव्हा कळले नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही अकोल्याला बिऱ्हाड केले.

शहरातले पहिले दिवस

दोन खोल्या, एक मोरी आणि वर पत्रे. अकोल्याचे ऊन तुम्हांला माहीतच आहे. पण उन्हापेक्षा मनाचा ताप अधिक झाला. गावात आम्ही रस्त्याने निघालो, की "गुर्जी, राम राम" असे दहा माणसे म्हणत. अकोल्यात दूधवाल्यानेही नाव विचारले नाही. आम्ही खिन्न होऊन बसत असू. आमचेच दुःख आम्हांला मोठे वाटे. घरातल्या बाईचे काय चालले आहे, तिकडे आमचे लक्षच नव्हते.

सूनबाई सकाळी नऊला घर सोडी. डबे सारखे, झाकणे सारखी. सासूबाईंना शोधायला त्रास नको, म्हणून तिने प्रत्येक डब्यावर कागदाची चिठ्ठी लावली. मीठ, साखर, हळद, रवा, डाळ. तिने चांगल्या मनाने लावली. पण सासूला चिठ्ठी वाचता येत नव्हती, हे तिच्या ध्यानात आले नाही. आणि सासूनेही सांगितले नाही. ती प्रत्येक डबा उघडून, वास घेऊन पाही. एकदा पिठीसाखरेच्या जागी खायचा सोडा पडला. सूनबाई सहज म्हणाली, "आई, वर लिहून तर ठेवलं आहे." त्या दिवशी सासू जेवली नाही. आम्ही म्हटले, "एवढ्यातेवढ्यावरून रुसायचे काय?"

मंडळी, तो रुसवा नव्हता. नवऱ्याच्या, मुलाच्या, सुनेच्या घरात आपण एकटेच आंधळे आहोत, हे त्या दिवशी तिला कळले होते.

रसवंती

आमच्या गल्लीच्या तोंडाशी उसाच्या रसाची रसवंती होती. घुंगरांचा आवाज लांबून ऐकू येई. पोराच्या मायने तीच खूण धरली. घुंगरू वाजले, की आपली गल्ली आली. शहरात ही तिची पहिली खूण.

त्या साली पाऊस उशिरा आला. पण आला तो झड लावूनच. चार दिवस कोणी बाहेर पडले नाही. पाचव्या दिवशी उघडीप झाली. नातीला बालवाडीतून आणायचे होते. एरवी आम्ही जात असू. त्या दिवशी आमच्या अंगात ताप होता. ती म्हणाली, "मी आणतो. इथंच तं हाये."

बालवाडी बाराला सुटते. साडेबारा झाले, एक वाजला. ती आली नाही. आम्ही अंगावर घोंगडी घेऊन दाराशी बसलो. दीड वाजता फोन लावला. तिच्याजवळ साधा फोन होता. हिरवे बटन दाबून बोलता येई, एवढेच तिला ठाऊक.

"कुठे आहेस?"

"एका रोडावर उभी हाये."

"कोणत्या रोडावर?"

"मोठा हाये. गाड्या लई हायेत. मी रसवंती पाहून राहिलो. रसवंतीच दिसत नाई."

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. पाऊस लागला, की रसवंतीवाला आपले चरक उचलून घरी जातो. खूण पावसाने उचलून नेली होती. ती आमच्या गल्लीवरून दोनदा गेली, आणि गल्ली तिला ओळखू आली नाही.

आम्ही घाबरून ओरडलो, "अगं, समोर दुकान आहे ना? त्याच्या पाटीवर काय लिहिले आहे ते वाच!"

फोनवर काही क्षण नुसता गाड्यांचा आवाज येत होता. मग ती हळूच म्हणाली, "मले कुठी वाचता येते?"

एवढेच म्हणाली. रागावली नाही, रडली नाही. पण आमच्या हातातला फोन जड झाला.

मागून एका मुलीचा आवाज आला. पाठीवर दप्तर असलेली कोणी शाळकरी पोर होती. तिने फोन घेतला आणि म्हणाली, "आजोबा, मी वाचते." तिने दुकानाचे नाव वाचले. खाली लिहिलेले वस्तीचे नावही वाचले. आम्ही ऑटो करून गेलो. नात खांद्यावर झोपली होती. दोघींची लुगडी-कपडे चिखलाने भरले होते. जागा आमच्या घरापासून अवघ्या चार गल्ल्या दूर होती. दीड तास ती त्या चार गल्ल्यांत फिरत होती.

दिव्याखाली अंधार

रात्री आम्हांला झोप आली नाही. मागचे आठवू लागले.

१९८८ साली देशात राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत साक्षरतेचे वर्ग निघाले. आम्हीही गावात रात्रीचा वर्ग चालवला. आम्ही बायांना सांगत असू, "गाडगेबाबा आपल्याच मुलखाचे. शेजारच्या अंजनगाव तालुक्यात, शेंडगावला त्यांचा जन्म. स्वतः शाळा शिकले नाहीत. पण पोरांना शिकवा, घरची भांडी विकावी लागली तरी शिकवा, असे ते कीर्तनात सांगत." बाया ऐकत. दिवसभर निंदण करून आलेल्या बाया पाटीवर नाव लिहायला शिकल्या.

त्या वर्गाचा कंदील आमच्या घरून येई. त्यात रॉकेल कोण भरी? काच कोण पुसून देई? पोराची माय. ती कंदील पेटवून आमच्या हाती देई, आणि भाकरी थापायला चुलीपुढे बसे. "तूही चल" असे आम्ही तिला एकदाही म्हटले नाही. बँकेत ती अंगठा लावी, आणि शेजारी आम्ही झोकात सही करीत असू. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

आम्हांला वाटे, मी शिकलेला आहे ना, मग घराला वाचता येते. पण घर वाचत नसते. वाचते ते माणूस. गावात एकाच्या वाचण्यावर घर निभते. शहरात निभत नाही. तिथे प्रत्येकाला आपली पाटी आपणच वाचावी लागते.

दोन शब्दांचा धडा

दुसऱ्या दिवशी आम्ही पाटी-पेन्सिल आणली. तिने हात लावला नाही. "आता म्हातारपणी काय मास्तरीण होतो काय?" म्हणाली. आठ दिवस पाटी कोनाड्यात पडून राहिली. मग एका संध्याकाळी तिनेच विचारले, "त्या पोरीनं काय वाचलं होतं? मले ते दाखवा."

आम्ही तिला त्याच दुकानापुढे घेऊन गेलो. तिने ती पाटी बराच वेळ पाहिली. मग घरी येऊन पाटी पुढे घेतली.

आम्ही जुन्या सवयीने सुरुवात केली, "अ अननसाचा." ती म्हणाली, "म्या अननस कधी खाल्ला नाई." खरेच होते. तेव्हा आम्ही ते सोडले, आणि तिच्या ओळखीचे दोन शब्द लिहिले:

अमरावती
अकोला

एक तिचे जुने शहर, एक नवे. दोन्ही "अ" पासून सुरू होतात, हे तिला आवडले. या दोन शब्दांत सात अक्षरे आहेत: अ, म, र, व, त, क, ल. तीन खुणा आहेत: काना, दुसरी वेलांटी आणि कान्याबरोबरची मात्रा. एवढ्या भांडवलावर किती शब्द होतात पाहा: तवा, ताक, काम, मका, लोक, तार, मोती, वरात. तिने स्वतः जुळवलेला पहिला शब्द होता "माती".

पुढची शाळा तिची तिनेच काढली. डब्यांवरच्या चिठ्ठ्या हेच तिचे पुस्तक झाले. मीठ, साखर, हळद. डब्यात काय आहे ते आधी ठाऊक, म्हणून अक्षर पटकन ओळखू येई. आता सूनबाई कामावरून आली, की दोघी मिळून नवी चिठ्ठी लिहीत. ज्या चिठ्ठ्यांवरून सासू एक दिवस उपाशी राहिली, त्यांनीच दोघींना जवळ बसवले. मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी झाली. सगळे घरात अडकले. नात आणि आजी एकाच पाटीवर शिकू लागल्या. कधी नात पुढे, कधी आजी.

शहरात जाण्याआधी

आमच्या अनुभवावरून आम्ही तुम्हांला काही गोष्टी सांगतो. कोणी कामासाठी वा पोरांसाठी गाव सोडणार असेल, त्याने त्या ध्यानात ठेवाव्या.

एक. पहिल्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाला बरोबर घेऊन वस्तीत फिरा. पाट्या मोठ्याने वाचा. दुकानाच्या पाटीवर खालच्या ओळीत बहुधा रस्त्याचे किंवा वस्तीचे नाव असते. झाड, रंग, टपरी या खुणा बदलतात. लिहिलेले नाव सहसा टिकते.

दोन. लहान पोर आणि म्हातारे माणूस यांच्या खिशात पत्ता व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. संकटात ११२ हा नंबर लावावा, पोलिसांची मदत मिळते. हरवलेल्या किंवा अडचणीतल्या मुलासाठी १०९८ हा नंबर आहे.

तीन. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला घ्या. पण दाखला यायला उशीर झाला म्हणून मूल घरी बसवू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसे स्पष्ट सांगितले आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दाखल्यावाचून सरकारी किंवा अनुदानित शाळेने अडवून ठेवता येत नाही.

चार. ज्यांना रेशनचे धान्य मिळते, त्यांना आता गावाबाहेरच्या रेशन दुकानातूनही ते घेता येते. "एक देश, एक रेशनकार्ड" अशी ती योजना आहे. कार्ड आधारशी जोडलेले असावे.

पाच. मतदार यादीत पत्ता बदलायला नमुना ८ भरावा. नवे गाव आपले म्हणायचे, तर तिथे आपले मतही असावे.

सहा. घरात कोणाला वाचता येत नसेल, तर त्याला आधी बसवा. सामान नंतर लावले तरी चालते. २०२२ पासून "उल्लास" नावाचा सरकारी साक्षरता कार्यक्रम सुरू झाला. पंधरा वर्षांवरील निरक्षर माणसांसाठी तो आहे. जवळच्या शाळेत चौकशी करावी.

चिठ्ठी

आता गोष्टीचा शेवट सांगतो.

२०२३ च्या मार्चमध्ये एस्टीत बायांना अर्धे तिकीट झाले. त्याच उन्हाळ्यात एक दिवस आम्ही बाजारातून भाजी घेऊन परत आलो. घर बंद. किल्ली शेजारी ठेवलेली. आत टोपल्याखाली पाटी होती. तीवर लिहिले होते:

मी गावी जातो. उद्या येतो. भाकर टोपलीत हाये.

आमच्या वऱ्हाडात बाया "जातो, येतो" असेच म्हणतात. ती बोलते तसेच तिने लिहिले. चाळीस वर्षांच्या सवयीने आमचा हात दुरुस्ती करायला पुढे झाला. तो आम्ही मागे घेतला. ती पाटी आम्ही पुसली नाही. भाकर मात्र खाल्ली.

संध्याकाळी तिचा फोन आला. नंबर तिनेच लावला होता. अकोल्याच्या स्टँडवर चार गाड्या उभ्या होत्या, म्हणाली. कोणाला विचारले नाही. पाट्या वाचत गेली. तिसऱ्या गाडीवर "दर्यापूर" दिसले आणि चढली. गावाला घर झाडले, तुळशीला पाणी घातले.

आम्ही विचारले, "वाटेत भीती नाही वाटली?"

ती म्हणाली, "काहून वाटते? पाटीवर लिहिलं होतं ना."

बंधूंनो आणि भगिनींनो, आम्ही शेकडो पोरे शिकवली. पण हा एक विद्यार्थी आम्ही फार उशिरा पटावर घेतला. तुम्ही वाचायला शिकलात, हे फार चांगले झाले. आता आज रात्री आपल्या घरात एक नजर टाका. कंदील पुसून देणारे कोणी चुलीपुढे बसले आहे काय? असेल, तर हे पुस्तक घेऊन त्याच्या शेजारी बसा.

सराव

१. "अमरावती" आणि "अकोला" या शब्दांतली अक्षरे घेऊन आणखी पाच शब्द लिहा.

२. रसवंतीची खूण का उपयोगी पडली नाही? तुमच्या गावात अशा बदलणाऱ्या खुणा कोणत्या आहेत?

३. तुमच्या घरच्या पाच डब्यांवर नावे लिहून चिठ्ठ्या लावा. घरातल्या एकाला त्या वाचायला शिकवा.

४. तुम्ही परगावी जाणार आहात असे समजा. घरच्यांसाठी दोन ओळींची चिठ्ठी लिहा. जसे बोलता तसेच लिहा.